बाजाराने दिलेली किंमत आणि कापडाचे मोल

बाजार खोटे बोलत नाही, असे एक वाक्य आजकाल फार ऐकू येते. हातमाग का बंद पडला? लोकांनी हातमागाचे कापड घ्यायचे सोडले म्हणून. यंत्रमाग का फोफावला? लोकांना स्वस्त कापड हवे होते म्हणून. ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे तिला मोल आहे, जिला गिऱ्हाईक नाही ती निकामी. हा भावनेचा नव्हे तर हिशेबाचा प्रश्न आहे, असे आपल्याला सांगितले जाते.

हा हिशेब वस्तूपाशी थांबला असता तर मी त्याच्या वाटेला गेलो नसतो. पण तो पुढे सरकतो. कापड खपले नाही म्हणजे कापडात दम नव्हता, कापडात दम नव्हता म्हणजे विणणाऱ्यात दम नव्हता, आणि म्हणून मालेगाव, भिवंडी किंवा बुऱ्हाणपूरच्या विणकर मोहल्ल्यांची आजची स्थिती ही त्यांच्याच लायकीची पावती आहे, इथपर्यंत तो येऊन पोहोचतो. माझ्या नात्यातली काही घरे मागावर वाढली आहेत. त्यामुळे ही पावती नेमकी कुणी फाडली, हे इतिहासात जाऊन पाहणे मला गरजेचे वाटते.

प्रश्न साधा आहे. गिऱ्हाईक पैसे मोजून एखादी वस्तू घेते किंवा नाकारते, तेव्हा त्या निवडीतून वस्तूचे खरे मोल कळते का? उत्तर शोधायला कापडाइतके चांगले उदाहरण नाही. हिंदुस्थानचे कापड शतकानुशतके जगाच्या बाजारात होते, आणि ते कुणी घेतले, कुणी अडवले, कुणी कोणत्या भावाने उचलले याच्या भरपूर नोंदी शिल्लक आहेत.

मोलाविषयीचा जुना वाद

किंमत आणि मोल यांच्यातली फट माणसाला फार पूर्वीपासून जाणवत आली आहे. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात साध्या सुईचा दाखला दिला आहे. ती कामाला येण्याजोगी होईपर्यंत कारागिराच्या हातातून सुमारे पंचवीस वेळा जाते, असे ते सांगतात. सुई विकत घेणाऱ्याला हे पंचवीस फेरे दिसत नाहीत. त्याला टोक दिसते, नेढे दिसते आणि दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकू येतो.

इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी हाच धागा पुढे नेला. १३७७ साली पूर्ण झालेल्या ‘मुकद्दिमा’त ते म्हणतात की माणसाच्या कमाईतला मोठा वाटा त्याच्या श्रमाच्या मोलाचा असतो. यासाठी त्यांनी दिलेल्या उदाहरणांत सुतारकाम आहे आणि विणकामही आहे. लाकूड आणि सूत यांना स्वतःची किंमत असते, पण तयार वस्तूत श्रमाचा वाटा त्याहून मोठा असतो. पुढे ते एक मार्मिक निरीक्षण नोंदवतात. काही वस्तूंमध्ये हे श्रम उघड दिसतात, तर धान्यासारख्या वस्तूंच्या भावात ते लपून जातात. श्रम त्यात असतातच, फक्त घेणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत.

युरोपात अॅडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे कोडे मांडले. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी ते जवळजवळ फुकट. हिऱ्यावाचून काही अडत नाही, तरी तो महाग. हे कोडे १८७१ साली जेव्हन्स आणि मेंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे सोडवले. तहानलेल्याला पाण्याचा पहिला पेला अमूल्य असतो, दहावा नकोसा होतो. भाव ठरतो तो हाताशी असलेल्या साठ्यातल्या शेवटच्या पेल्याच्या गरजेवर. म्हणजे मोल वस्तूच्या पोटात नसते, घेणाऱ्याच्या गरजेत असते.

या दोन्ही विचारांत तथ्य आहे. नुसते श्रम केले म्हणून वस्तूला मोल येत नाही. वीस दिवस खपून विणलेले लुगडे पहिल्या धुण्यात विरले, तर विणणाऱ्याची दया येईल, पण ते लुगडे कुणी घेणार नाही. घेणाऱ्याची गरज खरी असते आणि तिला मान द्यायलाच हवा. माझा आक्षेप त्यापुढच्या उडीवर आहे. ‘मोल गरजेवर ठरते’ इथून निघून ‘जे खपले तेच मोलाचे होते’ इथे आपण पोहोचतो, तेव्हा मधल्या बऱ्याच गोष्टी वगळलेल्या असतात. कापडाच्या इतिहासात त्या एकेक करून सापडतात.

लंडनच्या बायकांनी काय निवडले होते?

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून सुती कापड आणि छींट मोठ्या प्रमाणात इंग्लंडला नेऊ लागली. कालिकत बंदराच्या नावावरून तिकडे त्याला ‘कॅलिको’ म्हणत. हे कापड लोकरीपेक्षा हलके होते, धुता येत होते आणि धुतले तरी त्याचा रंग जात नव्हता. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत ते गेले आणि त्या घरांत काम करणाऱ्या मोलकरणींच्या अंगावरही आले. गिऱ्हाईकाची पसंती हीच मोलाची कसोटी असेल, तर निकाल तिथेच लागला होता. इंग्रज गिऱ्हाईकाने हिंदुस्थानी विणकर आणि रंगाऱ्याला कौल दिला होता.

हा कौल इंग्लंडने मानला नाही. १७०० साली संसदेने हिंदुस्थान, इराण आणि चीनमधून येणाऱ्या छापील व रंगीत सुती कापडाच्या आयातीवर बंदी घातली. कोरे पांढरे कापड मात्र येऊ दिले, त्यामुळे छपाईचा धंदा लंडनमध्ये उभा राहिला. तरीही लोकांची आवड बदलली नाही. १७१९ साली लंडनचे रेशीम आणि लोकर विणणारे कारागीर रस्त्यावर उतरले. कॅलिको नेसलेल्या बायकांना गाठून त्यांनी त्यांचे कपडे फाडले, अंगावर शाई आणि तेजाब टाकले. १७२१ साली आणखी कडक कायदा झाला आणि बहुतेक छापील सुती कापड वापरणेच गुन्हा ठरले. फ्रान्सने तर १६८६ पासून १७५९ पर्यंत अशीच बंदी ठेवली होती.

लंडनच्या त्या कारागिरांची भूक खोटी नव्हती. त्यांच्या चुली खरोखरच विझत होत्या, आणि आपल्या राज्याने आपल्याला वाचवावे ही त्यांची मागणी समजण्यासारखी होती. कंपनीने विरोध केला, पण संसदेने कारागिरांचे ऐकले. इंग्लंडमधली ही बंदी १७७४ साली उठली. तोवर हारग्रीव्ज आणि आर्कराइट यांची सूतकताईची यंत्रे येऊन गेली होती. इंग्लंडने आपल्या कारागिरीला पाऊण शतकाची सावली दिली आणि मग ‘खुला बाजार’ हा शब्द उच्चारला.

खुला तरी कितपत? संस्कृतचे पंडित म्हणून आपल्याला माहीत असलेले होरेस विल्सन यांनी हिंदुस्थानच्या इतिहासावर लिहिताना १८१३ ची स्थिती नोंदवली आहे. हिंदुस्थानी कापड इंग्लंडात तिथल्या कापडापेक्षा पन्नास-साठ टक्के कमी भावाने विकूनही नफा होत होता, असे ते सांगतात. म्हणून त्यावर सत्तर-ऐंशी टक्के जकात बसवावी लागली किंवा सरळ मनाई करावी लागली. उलट दिशेने, विलायती कापड हिंदुस्थानात नाममात्र जकात भरून येत होते. १८८२ साली तर ती आयात जकातही काढून टाकली. पुढे १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के जकात लागली, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांच्या मालावरही तेवढाच कर बसवला गेला, मँचेस्टरची गैरसोय होऊ नये म्हणून. हा कर १९२५ च्या अखेरीस थांबवला गेला.

दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही. त्याच्यासमोर दोन ठाण असतात, एक स्वस्त, एक महाग. तो स्वस्त ठाण उचलतो. त्या उचलण्यातून कापडाची तुलना झाली असे त्याला आणि आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दोन संसदी कायद्यांची आणि एका जकात नाक्याची तुलना झालेली असते.

कमी भाव कसा तयार होतो?

इंग्रज येण्यापूर्वी विणकराला त्याचे मोल मिळत होते, असा समज आपल्याकडे आहे, आणि मुसलमान लेखकांना तो विशेष प्रिय आहे. ढाक्याची मलमल बादशहासाठी विणली जाई, तिला ‘मलबूस खास’ म्हणत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात अनेक वर्षे राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए वेगळे चित्र रंगवतो. उमरावाला कारागीर हवा असला की तो त्याला बाजारातून उचलून आणवतो, काम करून घेतो आणि आपल्या मर्जीप्रमाणे पैसे देतो. कोरड्याचे फटके मिळाले नाहीत तर कारागिराने स्वतःला नशीबवान समजावे. बर्निएचे सगळेच निष्कर्ष मान्य करायची गरज नाही. तरी दरबारी कौतुक वस्तूला मिळत होते आणि ते विणणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचेलच असे नव्हते, एवढे लक्षात ठेवावे.

कंपनीने हा जुलूम व्यवस्थित वहीखात्यात बसवला. बंगालमध्ये कंपनीचे गुमास्ते विणकरांना आगाऊ रक्कम देत. एकदा ती घेतली की, आणि पुष्कळदा ती जबरदस्तीने अंगावर टाकली जाई, विणकराला दुसऱ्या कुणाला माल विकता येत नसे. विल्यम बोल्ट्स हा कंपनीचाच माणूस. कंपनीशी त्याचे बिनसले, १७६८ साली त्याला बंगालमधून हाकलण्यात आले आणि १७७२ साली त्याने लंडनमध्ये कंपनीविरुद्ध जाडजूड पुस्तक छापले. त्याच्या मनात राग होता हे ध्यानात घेऊनच ते वाचावे लागते. पण त्याने दिलेला आकडा बोलका आहे. गुमास्ते ठरवत तो भाव खुल्या बाजारातल्या भावापेक्षा कमीत कमी पंधरा टक्के, तर काही ठिकाणी चाळीस टक्क्यांपर्यंत कमी असे. इंग्रजांनी विणकरांचे अंगठे कापले ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बोल्ट्सने लिहिले आहे ते निराळे आणि कदाचित अधिक भीषण आहे. रेशीम उकलणाऱ्या काहींनी जबरीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचेच अंगठे कापून घेतले.

इथे फिकहमधला एक जुना नियम आठवतो. गावाबाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला बाजारात पोहोचण्यापूर्वीच वाटेत गाठून त्याचा माल विकत घेण्यास पैगंबरसाहेबांनी मनाई केली होती. आणि कुणी तसा सौदा केलाच, तर बाजारात आल्यावर तो मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला होता. कारण उघड आहे. विकणाऱ्याला बाजारातला भाव माहीत नसतो, त्यामुळे त्याच्या ‘हो’ला अर्थ नसतो. भाव वाढले तेव्हा पैगंबरसाहेबांनी स्वतः दर बांधून देण्यास नकार दिला होता, हेही हदीसमध्ये आहे. म्हणजे या परंपरेत बाजाराला विरोध नाही. अट एवढीच की दोन्ही बाजूंना बाजार दिसला पाहिजे. बंगालच्या विणकराला बाजार दिसत होता, पण तिथे जाण्याची मुभा नव्हती. त्याच्या मलमलीची जी किंमत कंपनीच्या वहीत नोंदली गेली, ती मलमलीविषयी काहीच सांगत नाही. ती विणकराच्या पायातल्या बेडीचे माप सांगते.

एका सूत कातणारीचे पत्र

१८२८ साली ‘समाचार दर्पण’ या बंगाली पत्रात एका सूत कातणाऱ्या विधवेचे पत्र छापून आले. तिने आपले नाव दिलेले नाही. पुढे गांधीजींनी ते पुन्हा लोकांसमोर आणले. माझ्या मते मोल आणि किंमत यांविषयी आपल्या देशात लिहिल्या गेलेल्या मजकुरात या पत्राचे स्थान फार वरचे आहे.

बावीसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात तीन मुली, घरात सासू-सासरे, आणि नवऱ्याने मागे काही ठेवलेले नाही. ती टकळी आणि चरख्यावर सूत कातू लागली. विणकर घरी येऊन सूत घेऊन जात, मागितली तर आगाऊ रक्कमही देत. त्या कमाईवर तिने घर चालवले आणि मुलींची लग्ने केली. मग विणकर यायचे थांबले. ती सूत बाजारात पाठवू लागली, तर तिथे पूर्वीच्या भावाने ते कुणी घेईना. चौकशी केल्यावर कळले की विलायतेहून सूत आले आहे आणि ते स्वस्त आहे.

यापुढे ती जे लिहिते ते वाचून थांबावे लागते. इतक्या कमी भावात सूत विकणाऱ्या तिकडच्या बायका माझ्याहूनही दुःखी असल्या पाहिजेत, असे तिला वाटले. समुद्रापलीकडे ते खपत नसेल म्हणून बिचाऱ्यांनी इकडे पाठवले असेल. त्या सुताचे कापड दोन महिनेही टिकत नाही, असाही तिचा अनुभव आहे. शेवटी ती तिकडच्या कातणारणींना विनंती करते की हे सूत इकडे पाठवणे न्यायाचे आहे का, याचा विचार त्यांनीच करावा.

तिला यंत्र माहीत नव्हते. वाफेवर चालणारी गिरणी तिच्या कल्पनेत बसत नव्हती. तिला एकच हिशेब ठाऊक होता: भाव कमी म्हणजे कातणाऱ्या हाताची गरज मोठी. तिचा तपशील चुकला, पण प्रश्न चुकला नाही. स्वस्त वस्तू दिसली की तिने विचारले, हे कुणाच्या अंगावर पडले असेल? आजचे गिऱ्हाईक हा प्रश्न विचारत नाही. बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तिचे सूत हरले असे म्हणावे, त्यात खोटे नाही. पण तिचे सूत विणकराच्या चाचणीत कमी ठरले म्हणून हरले नव्हते. टिकाऊपणात ते सरस असल्याचा तिचा दावा आहे. ते फक्त भावात हरले.

दुसरी बाजू

आता उलट बाजू नीट मांडली नाही तर लेख अपुरा राहील. गिरणीच्या कापडाने गरिबांचे भले केले. ज्या घरात एकच धोतर होते तिथे दुसरे आले. थंडीत लेकराच्या अंगावर काहीतरी पडले. ज्या मजूर बाईने पाच आणे वाचवून गिरणीचे लुगडे घेतले, तिला देशद्रोही किंवा अडाणी ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. ती आपल्या ऐपतीत सर्वांत शहाणी निवड करत होती.

हा पेच १९२१ साली उघड झाला. ३१ जुलैला मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते विलायती कपड्यांची मोठी होळी झाली. ती झाली उमर सोबानी या मुसलमान गिरणीमालकाच्या आवारात. स्वदेशीच्या चळवळीत मुसलमान व्यापारी आणि नेते पुढे होते. मौलाना हसरत मोहानींनी तर स्वतः स्वदेशी कापडाचे दुकान चालवले. पण रवींद्रनाथ टागोरांनी या होळीवर हरकत घेतली. जे कपडे जाळायचे त्यांवर खरा हक्क ज्यांच्या अंगावर पुरेसे कापड नाही त्यांचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मला दोघांचेही म्हणणे पटते. गांधीजी घेणाऱ्याला विणणाऱ्याची आठवण करून देत होते, टागोर उघड्या माणसाची.

गिऱ्हाईकाची निवड नेहमीच फसवी असते असेही नाही, आणि त्याचे उदाहरण आपल्या दख्खनमध्येच आहे. विलायती आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत आले तेव्हा हातकताई मेली, पण हातविणाई टिकली. साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन विणकरांनी गिरणीचे सूत घेऊन माग चालू ठेवले. १८५७ नंतरच्या दशकांत आझमगड, मऊ, बनारसच्या बाजूचे मोमीन विणकर मोठ्या संख्येने मालेगाव आणि भिवंडीला येऊन वसले ते याच पेशाच्या जोरावर. त्यांना तारले ते मराठी बायकांनी. नऊवारी लुगड्याचा घट्ट रंगीत काठ आणि पदर गिरण्यांना दीर्घकाळ हातमागासारखा जमत नव्हता. कोणत्या भागात कोणता काठ, कोणत्या वयाला कोणता रंग, हे बायकांना पाठ होते. त्या बोटांनी सूत चाचपत, काठ ओढून पाहत, रंग जातो का विचारत. ही निवड माहितीतून आली होती, म्हणून त्या निवडीला साक्षीचे वजन होते. सोलापूर, येवले, मालेगावचे माग त्या साक्षीवर कित्येक दशके चालले.

म्हणजे गिऱ्हाईक कधीच खरे बोलत नाही असे नाही. त्याला वस्तू कळत असेल, ती त्याच्यासमोर येऊ दिली असेल आणि खिशात निवडीपुरते पैसे असतील, तर ते फार खरे बोलते.

नाव विकले जाऊ लागले तेव्हा

माहितीचा धागा तुटला की काय होते, ते खादीच्या गोष्टीत दिसते. खादीला मागणी वाढताच गिरण्यांनी जाडेभरडे कापड काढून ते खादी म्हणून विकायला सुरुवात केली. दिसायला जवळपास सारखे, भाव कमी. गिऱ्हाईक मनापासून खादी मागत होते आणि पैसे गिरणीला जात होते. शेवटी १९३४ साली खद्दर नावाच्या रक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला: हाताने कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले कापडच या नावाने विकता येईल.

स्वातंत्र्यानंतर हीच गोष्ट पुन्हा घडली. काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न झाला. १९८५ च्या कायद्याने सुरुवातीला २२ प्रकार राखीव ठेवले, पुढे ते ११ वर आले. राखीव प्रकार यंत्रमागावर सर्रास विणले गेले. २००६ साली हातमागाच्या कापडावर लावायचे सरकारी चिन्ह आले. आज पैठणीच्या नावाने यंत्रमागाची साडी घेणाऱ्या बाईला आपण पैठणी घेतली असेच वाटते. तिने निवड केली हे खरे. पण ती कशाची?

यंत्रमागवाल्यालाही खलनायक करू नये. मालेगावात १९३० च्या दशकापासून यंत्रमाग येऊ लागले, आणि पुढे त्यावर बसले ते बहुतेक कालचे हातमागवालेच. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कानठळ्या बसवणारा आवाज, फुफ्फुसात जाणारी रुई, मीटरवर ठरणारी मजुरी. स्वस्त कापडाच्या भावात यातले काही लिहिलेले नसते. इब्न खल्दून यांनी धान्याविषयी म्हटले ते आज कापडालाही लागू पडते: श्रम आहेत, पण भावात दडलेले आहेत.

पावती कुणाची?

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे येऊ. ‘बाजाराने ठरवले’ असे कुणी म्हटले की मी तीन प्रश्न विचारतो. वस्तू घेणाऱ्यासमोर येऊ दिली होती का? विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती का? आणि घेणाऱ्याला ती कशी बनली हे कळत होते का, कळूनही ती घेण्याची त्याची ऐपत होती का? लंडनमध्ये पहिल्याचे उत्तर ‘नाही’ होते, बंगालमध्ये दुसऱ्याचे, खादी आणि पैठणीच्या दुकानात तिसऱ्याचे. तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तेव्हा विक्रीचा आकडा मोलाविषयी काही सांगतो. एरवी तो कायदा, कर्ज आणि अज्ञान यांची बेरीज असतो.

पण आपल्या समाजाने बाजाराकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. मलमल, हिमरू, मशरू यांचे गोडवे गाणाऱ्या शरीफ घरांनीच ‘जुलाहा’ हा शब्द शिवीसारखा वापरला. जुलाह्याच्या मूर्खपणाचे किस्से सांगितले, त्याच्या घरी सोयरीक करायला नाक मुरडले. हे मी लग्नाच्या बैठकींत स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. १९२० च्या दशकात मौलाना आसिम बिहारी आणि त्यांच्या साथीदारांनी मोमीन चळवळ उभी केली, तेव्हा रोजगाराच्या बरोबरीने इज्जतीचा प्रश्न त्यांना हाती घ्यावा लागला. ‘मोमीन’ आणि ‘अन्सारी’ ही नावे आग्रहाने लावली गेली ती त्यासाठी. विणलेले अंगावर मिरवायचे आणि विणणाऱ्याला हलके लेखायचे, हा सौदा कंपनीच्या गुमास्त्याने आपल्याला शिकवला नव्हता.

प्रत्येकाने महागडे हातमागाचे कापड घ्यावे, असा सल्ला मी देणार नाही. तीन मुलांच्या ईदच्या कपड्यांचा हिशेब जुळवणाऱ्या आईला तो सल्ला म्हणजे थट्टा आहे. तिने तिच्या ऐपतीत मिळेल ते घ्यावे आणि मान वर करून घ्यावे. माझे मागणे तिच्याकडे नाही. ते त्या शहाण्यांकडे आहे, जे तिच्या हातातल्या स्वस्त ठाणाकडे पाहून मालेगावच्या विणकराची लायकी ठरवतात. तिने ते ठाण निवडले, कारण तिच्याकडे तेवढेच पैसे होते. ते विणणाऱ्याने कमी मजुरी पत्करली, कारण त्याच्याकडे दुसरे काम नव्हते. दोन अडलेल्या माणसांच्या मध्ये जो आकडा ठरला, त्याला आपण किंमत म्हणतो. त्या आकड्याला मोल म्हणण्यापूर्वी १८२८ सालच्या त्या निनावी बाईसारखे एकदा विचारावे: हे इतके स्वस्त आहे, तर ते कुणाच्या अंगावर पडले आहे?